अमेरिकी मतदाराचा पक्ष: वारसा, वस्ती आणि हिशेब

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेला, डोंगराळ मुलखात, एलियट नावाची एक छोटी काउंटी आहे. लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपास, बहुतेक सगळी गोरी. १८६९ मध्ये ही काउंटी अस्तित्वात आली. तेव्हापासून २०१२ पर्यंतच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत तिने डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारालाच कौल दिला. २००८ मध्ये आणि, निसटत्या फरकाने का होईना, २०१२ मध्येही तिने बराक ओबामांना पसंती दिली. पुढे २०१६ मध्ये मात्र डोनाल्ड ट्रम्प यांना इथे सुमारे ७० टक्के मते पडली. या एकशे चाळीसेक वर्षांत डेमोक्रॅटिक पक्ष स्वतः उलटापालटा झाला होता. यादवी युद्धानंतर तो दक्षिणेतल्या गोऱ्या जमीनदारांचा पक्ष होता, १९३० च्या दशकात कामगारांचा आणि सरकारी मदतीचा झाला आणि १९६० च्या दशकात नागरी हक्कांच्या कायद्यांचा. एलियटचे मतदार दर चार वर्षांनी जाहीरनामे ताडून पाहत असते, तर इतक्या उलथापालथीत ते एकाच पक्षाशी चिकटून राहिले नसते. सामान्य अमेरिकी माणसाचा पक्ष आधी घरात आणि वस्तीत ठरतो. धोरणांविषयीची मते बहुतेकदा मागाहून येतात. आणि हा पक्ष बदलतो तेव्हा तो एका निवडणुकीत बदलत नाही, त्याला पिढ्या लागतात. अमेरिकेच्या दोन शतकांच्या इतिहासातून माझ्या मते हेच दिसते.

आधी तिथली व्यवस्था समजून घ्यायला हवी, कारण ती आपल्याकडच्या पक्षसदस्यत्वासारखी नाही. डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन होण्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही, पावती फाडावी लागत नाही, कोणी पदाधिकारी अर्ज मंजूर करत नाही. सुमारे ३० राज्यांत मतदारनोंदणीच्या सरकारी अर्जावरच पक्षाचा रकाना असतो. तिथे खूण केली की झाले. टेक्सास, व्हर्जिनिया, जॉर्जिया यांसारख्या राज्यांत तर तो रकानाही नाही. या नोंदीचा खरा उपयोग उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत होतो. १९०३ मध्ये विस्कॉन्सिनने कायदा करून उमेदवार निवडण्याचा अधिकार पक्षाच्या पुढाऱ्यांकडून काढून थेट मतदारांना दिला आणि ही पद्धत हळूहळू देशभर पसरली. केंटकीत एखाद्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत फक्त त्याच पक्षाची नोंद असलेल्यांना मत देता येते, आणि पक्ष बदलायचा तर आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपूर्वी बदलावा लागतो. जिथे शेरीफपासून काउंटीच्या कारभाऱ्यापर्यंत सगळ्या जागांचा निकाल डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीतच लागतो, तिथे मनाने रिपब्लिकन झालेला माणूसही कागदावर डेमोक्रॅटच राहतो. म्हणून केंटकीने २००० पासून अध्यक्षपदासाठी सातत्याने रिपब्लिकन कौल दिला, तरी राज्याच्या मतदारयादीत रिपब्लिकन नोंदी डेमोक्रॅटिक नोंदींच्या पुढे गेल्या त्या २०२२ च्या जुलैमध्ये.

हा चिवटपणा आला कुठून, हे कळण्यासाठी एकोणिसाव्या शतकातले मतदान डोळ्यांसमोर आणले पाहिजे. तेव्हा मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. मतदानाच्या जागेबाहेर दोन्ही पक्षांची माणसे आपापल्या मतपत्रिकांचे गठ्ठे घेऊन उभी असत. पत्रिका अनेकदा रंगीत कागदावर किंवा ठळक चित्रासह छापलेली असे आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत एकाच पक्षाचे उमेदवार असत. मतदार ती हातात घेऊन गर्दीतून पुढे सरके आणि खिडकीतून अधिकाऱ्याच्या हाती देई. कोण कुठल्या रंगाचा कागद घेऊन चालला आहे हे शेजारी, मालक, सासरा, पाद्री सगळ्यांना दिसे. १८६० मध्ये रिपब्लिकन तरुणांच्या ‘वाइड अवेक’ टोळ्या मेणकापडी झगे घालून, मशाली पेटवून गावोगाव संचलने काढत होत्या. त्यांची सुरुवात कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला झाली होती. वर्तमानपत्रेही उघडपणे पक्षाचीच असत. अशा वातावरणात पक्ष ही खासगी पसंतीची बाब राहूच शकत नव्हती. १८८८ पासून मॅसॅच्युसेट्स आणि मागोमाग इतर राज्यांनी सरकारी छपाईची गुप्त मतपत्रिका आणली. तोवर अध्यक्षीय निवडणुकांत पात्र मतदारांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास लोक मत देत असत. १९२० च्या दशकात हे प्रमाण निम्म्यावर आले. मत गुप्त झाले, पण घराघरांत रुजलेली ओळख गेली नाही.

त्या ओळखीवर सगळ्यात खोल ठसा उमटवला तो यादवी युद्धाने. ज्या बाजूने बंदूक चालवली त्याच बाजूने मत द्यायचे, हा युद्धानंतरचा उघड प्रचार होता. दक्षिणेतले गोरे त्यामुळे जवळजवळ शतकभर डेमोक्रॅट राहिले. पण दक्षिणेतही जिथे युद्धात संघराज्याची बाजू घेतली गेली, तिथे उलटे घडले. टेनेसी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरी भागात गुलाम फार नव्हते आणि तिथल्या बहुसंख्य लोकांनी फुटून निघण्याला विरोध केला होता. त्या भागातल्या नॉक्सव्हिलच्या मतदारसंघातून युद्धानंतर आजतागायत एकही डेमोक्रॅट प्रतिनिधिगृहात गेलेला नाही. उत्तरेत धर्म आणि स्थलांतर यांनी हेच काम केले. न्यू इंग्लंडमधले प्रोटेस्टंट रिपब्लिकन होते. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांना न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलसारख्या डेमोक्रॅटिक संघटनांनी नोकरी, कोळसा, नागरिकत्वाचे कागद मिळवून दिले आणि ते डेमोक्रॅट झाले. १९२८ मध्ये डेमोक्रॅटांनी अल स्मिथ या कॅथलिकाला उमेदवारी दिली. कॅथलिकांची मोठी वस्ती असलेल्या मॅसॅच्युसेट्सने आणि ऱ्होड आयलंडने आपली रिपब्लिकन सवय मोडून त्याला साथ दिली. टेक्सास, व्हर्जिनिया, फ्लोरिडा या प्रोटेस्टंट दक्षिणी राज्यांनी मात्र पिढीजात पक्षाकडे पाठ फिरवली. त्यानंतरच्याच निवडणुकीत ती परत डेमोक्रॅटिक गोटात आली.

हा सगळा अनुभव शास्त्रीय कसोटीवर घासला गेला तो १९४० मध्ये. पॉल लाझार्सफेल्ड हा समाजशास्त्रज्ञ बाजारपेठेच्या अभ्यासातून आला होता. ग्राहक साबण किंवा पेय निवडतो तसाच मतदार प्रचार ऐकून उमेदवार निवडत असेल, अशी त्याची अटकळ होती. ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत त्याच्या चमूने त्याच त्या लोकांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून विचारले. निम्म्याच्या आसपास लोकांचा निर्णय मे महिन्यातच झालेला होता आणि प्रचारामुळे एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलेले फारच थोडे निघाले. धर्म, उत्पन्नाचा स्तर, शहरात राहणे की खेड्यात, एवढे कळले तरी मत कुठे जाईल याचा बराच अंदाज बांधता येत होता. १९५० च्या दशकापासून मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभर एकच प्रश्न सातत्याने विचारला: तुम्ही स्वतःला साधारणपणे काय मानता, रिपब्लिकन, डेमोक्रॅट की स्वतंत्र? या उत्तरातली चिकाटी धोरणांवरच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. १९६५ मध्ये हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातली मुले आणि त्यांचे पालक यांना वेगवेगळे विचारले, तेव्हा पालकांच्या विरुद्ध पक्षात गेलेली मुले दहा टक्क्यांहूनही कमी आढळली. निरनिराळ्या धोरणांवर मात्र आईबाप आणि मुले यांचे इतके जुळत नव्हते. आपल्याकडे कुलदैवत कोणी निवडत नाही, ते घरात आधीपासून असते. अमेरिकी पक्षनिष्ठेचे बरेचसे तसेच आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मग अमेरिकेचे राजकारण कधी बदललेच नसते. महामंदीनंतर कोट्यवधी लोक डेमोक्रॅट रूझवेल्टकडे वळले, ते काय वारशाने? आक्षेप वजनदार आहे आणि त्याचे उत्तर कृष्णवर्णीय मतदारांच्या इतिहासात सापडते. गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा पक्ष म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन होते. १९३२ मध्ये ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीय वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी, लिंकनची तसबीर भिंतीकडे तोंड करून लावा, ते कर्ज फिटले आहे, अशा अर्थाचे आवाहन केले. तरी त्या वर्षी बहुसंख्य कृष्णवर्णीयांनी रिपब्लिकन हूव्हरलाच मत दिले. मग सरकारी कामांवर रोजगार मिळू लागला आणि १९३६ मध्ये अंदाजे ७१ टक्के मते रूझवेल्टला गेली. पण त्या वेळी स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांचे प्रमाण याहून खूपच कमी होते. मत वळले तरी ओळख वळायला वेळ लागला. १९५६ मध्येही रिपब्लिकन आयझेनहॉवरला कृष्णवर्णीयांची तिसऱ्या हिश्शाहून अधिक मते मिळाली. १९६० मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे वडील, बाप्टिस्ट पाद्री, डेमोक्रॅटिक उमेदवार केनेडी कॅथलिक म्हणून रिपब्लिकन निक्सनच्या बाजूने होते. मुलगा तुरुंगात असताना केनेडीने सुनेला फोन केला, तेव्हा त्यांनी बाजू बदलली. १९६४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिल्यावर चित्र पक्के झाले आणि डेमोक्रॅट जॉन्सनला दहापैकी नऊहून अधिक कृष्णवर्णीय मते पडली. म्हणजे अनुभवाचा हिशेब होतो, पण तो बत्तीस वर्षे चालतो आणि ‘आपला पक्ष कोणता’ याचे उत्तर उघड झाले की मगच बंद होतो.

याची दुसरी बाजू दक्षिणेतल्या गोऱ्यांची. त्याच १९६४ मध्ये गोल्डवॉटर यांनी खोल दक्षिणेतली पाच राज्ये जिंकली. मग तिथले गोरे लगेच रिपब्लिकन झाले का? नाही. प्रतिनिधिगृहातल्या दक्षिणी जागांपैकी बहुसंख्य रिपब्लिकनांच्या हाती गेल्या त्या १९९४ मध्ये, तीस वर्षांनी. तोवर वॉशिंग्टनसाठी रिपब्लिकन आणि गावच्या कारभारासाठी डेमोक्रॅट अशी दुहेरी चाल चालू राहिली. बापाने पक्ष सोडला नाही, मुलाने धरला नाही आणि नातू दुसऱ्या घरचा झाला, असे या बदलाचे बरेचसे स्वरूप होते.

दुसरा आक्षेप आजच्या आकड्यांचा आहे. गॅलपच्या पाहण्यांत अलीकडे चाळीस टक्क्यांहून अधिक अमेरिकी स्वतःला स्वतंत्र म्हणवतात. पण लगेच पुढचा प्रश्न विचारला, की त्यातल्या त्यात कोणत्या पक्षाकडे कल आहे, तर त्यातले बहुतेक एक बाजू सांगतात आणि निवडणुकीत त्याच बाजूने बऱ्यापैकी निष्ठेने मत देतात. पक्षाचा बिल्ला लावायची लाज वाटते, एवढाच त्याचा अर्थ. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे: आजचा मतदार गर्भपात, बंदुका, स्थलांतर यांवरची आपली ठाम मते पाहून पक्ष धरतो, असे म्हणतात. काही जण तसे करतात हे खरे. १९७० च्या दशकात गर्भपातावर दोन्ही पक्षांच्या मतदारांत फारसा फरक नव्हता. नेत्यांनी बाजू घेतल्यावर काहींनी पक्ष बदलला आणि काहींनी मत बदलले. मुक्त व्यापाराचे उदाहरण त्याहून बोलके आहे. वर्षानुवर्षे त्याचा पुरस्कार करणाऱ्या रिपब्लिकनांचा त्यावरचा विश्वास २०१५–१६ मध्ये, ट्रम्प यांच्या उमेदवारीच्या काळात, झपाट्याने ओसरला. मत हे पक्षाचे कारण असते, तर या लोकांनी पक्ष सोडायला हवा होता. त्यांनी मत सोडले. ओळख किती घट्ट झाली आहे ते लग्नाच्या प्रश्नातही दिसते. १९६० मध्ये मूल दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न करून गेले तर वाईट वाटेल, असे म्हणणारे दोन्ही पक्षांत पाच टक्क्यांच्या आसपास होते. २०१० मध्ये असे म्हणणारे रिपब्लिकनांत जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांत एक तृतीयांश होते.

ज्यांना अमेरिकेत आजोबाच नाहीत, त्यांचे काय होते? भारतातून गेलेले लोक हा त्यासाठी चांगला नमुना आहे. उत्पन्न आणि शिक्षण पाहता त्यातले पुष्कळ जण रिपब्लिकन करकपातीकडे ओढले जायला हवेत, पण पाहण्यांत बहुसंख्य डेमोक्रॅटांकडेच झुकलेले दिसतात. ‘आपल्यासारख्यांना कुठे जागा आहे’ याचे उत्तर त्यांनी त्या पक्षात पाहिले. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात निवडून गेले, तेही डेमोक्रॅट म्हणूनच. पण हा कल दोन पिढ्यांचा मुरलेला नसल्याने तो पातळ आहे. २०२० च्या तुलनेत २०२४ मध्ये तो काहीसा ओसरलेला दिसला. जिथे वारसा कोवळा असतो तिथे हिशेब लवकर बदलतो.

म्हणून मतदार मेंढरे आहेत, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ज्या पक्षाने आजीला मंदीत काम दिले, ज्याने वस्तीवर बहिष्कार घातला, ज्याच्या झेंड्याखाली गावातली मुले मेली, त्यांची आठवण ही माहितीच असते, फक्त ती जुनी असते. धोका तिथेच आहे: पक्ष बदलला तरी आठवण बदलत नाही, आणि जी मते स्वतःच्या विचाराची वाटतात ती पक्षाकडून उसनी आलेली असतात. दर चार वर्षांनी वादसभा आणि जाहीरनामे पाहून अमेरिकेचा निकाल जोखणाऱ्या मराठी वाचकाने हे ध्यानात ठेवावे. वादसभेत डुलणारी मते थोडी असतात. उरलेली बहुतेक मते आधीच्या पिढीने टाकून ठेवलेली असतात.