पायऱ्यांची विहीर आणि नारू

श्रोतेहो, या सभेत साठी ओलांडलेली जी मंडळी बसली असतील त्यांना नारू म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. तरुणांना मात्र सांगावे लागेल, आणि ते सांगावे लागते हीच या विषयातली आनंदाची गोष्ट आहे.

घोट्याशी फोड येई, आग होई. फोड फुटला की पांढऱ्या सुतासारखा हात-दीड हात लांब जंत डोके बाहेर काढी. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावयाचा. घाई झाली आणि तुटला, तर पाय पिकून माणूस महिना-दोन महिने अंथरुणाला खिळे. त्यातून हे दुखणे पेरणीच्या तोंडाशी आले, म्हणजे कुणब्याच्या घरी पाऊस पडूनही दुष्काळच!

या रोगावर लस नव्हती, औषध नव्हते, आजही नाही. मूळ मात्र फार पूर्वीच उमगले होते. नारूचे बीज सायक्लॉप्स नावाच्या अगदी बारीक जलजीवात वाढते, हे फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने मध्य आशियात 1870 सालीच दाखविले. रोग्याचा पाय पाण्यात बुडाला की जंत त्यात आपली पिले सोडतो. सायक्लॉप्स ती गिळतो. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने नवा नारू निघतो.

आता आपली मराठवाड्यातली बारव डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यात पाणी तळाला जाते. शेवटच्या पायरीवरून घोटाभर पाण्यात उतरून घागर भरावयाची. ज्या पुण्यवंताने पायऱ्या बांधल्या त्याने वाटसरूची सोय पाहिली, त्याला दोष कसा द्यावा? पण आडाच्या पाण्याला पाय लागत नाही, बारवेच्या लागतो. सारा रोग एवढ्या फरकात होता. तेव्हा हे काम वैद्याचे नव्हतेच, गवंड्याचे होते. गवंडी लावावयाचा तो गावकारभाऱ्यांनी.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा कामाला लागल्या. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा 1982 सालचा.) पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आता निवडून आलेल्या सभासदांपुढे येऊ लागला. 1972 च्या दुष्काळाने बोअरची निकड पटविली. घरगुती बिडाचे पंप साऱ्या गावाच्या वापरापुढे टिकत नसत. जालन्याच्या मिशनमधील मंडळींनी दणकट पंप बनविला, त्यावरून सोलापूरचा पंप झाला, आणि त्याच घडणीतून ‘इंडिया मार्क दोन’ हातपंप देशभर गेला. एवढे श्रेय आपल्या भागाने निःसंकोच घ्यावे.

नारूनिर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू झाली ती 1983-84 च्या सुमारास. 1984 मध्ये देशात 40 हजारांच्या आसपास रोगी होते, महाराष्ट्रही त्या राज्यांत होता. पायऱ्यांच्या विहिरी आडासारख्या बांधून काढावयाच्या, पाण्यात टेमेफॉस टाकावयाचे, घागरीवर दुपदरी फडके बांधावयाचे. यांतले पहिले काम सर्वांत कठीण. देवळीतल्या देवासमोरची पायरी बुजविणे कोणाला रुचेल? पण देशातला शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानात आढळला, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरविला.

अलीकडे गावोगावची तरुण मंडळी बारवांतला गाळ काढीत आहेत. काम चांगले आहे. खाली उतरताना पायऱ्यांच्या तोंडाशी एखादी ओबडधोबड भिंत लागली, तर पाडण्यापूर्वी ग्रामपंचायतीचे जुने दप्तर उघडून तिचे साल पाहावे.