वृत्तविद्या विद्यापीठांत कशी आली

बारामती किंवा इंदापूर येथील पदवीधर तरुणाला आज बातमीदारी शिकण्याची इच्छा झाली, तर तो विद्यापीठाच्या प्रवेशाची चौकशी करतो. त्याच्या आजोबांनीं हीच चौकशी एखाद्या छापखान्याच्या दारांत केली असती. तेथें खिळे जुळविणाऱ्यांच्या शेजारीं बसून, मुद्रितें तपाशीत आणि संपादकाचीं बोलणीं खात माणूस पत्रकार होत असे. ही विद्या वर्गांत बसून येते, यावर आपल्याकडे फार दिवस कोणाचा विश्वास नव्हता.

मौज अशी कीं, मराठी वृत्तपत्रांचा पाया शिक्षकांनींच घातला. ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पुढें एल्फिन्स्टन संस्थेंत अध्यापक झाले. १८८१ सालीं निघालेल्या 'केसरी'च्या मागें न्यू इंग्लिश स्कूलचे मास्तरच उभे होते. गणित, संस्कृत आणि इतिहास शिकविणाऱ्या या मंडळींना बातमी कशी लिहावी हाहि शिकविण्याचा विषय आहे, असें वाटलें नाहीं. यांत मला त्यांचा दोष दिसत नाहीं. वृत्तपत्र म्हणजेच त्यांची मोठी शाळा होती. शाळेसाठीं पुन्हां वेगळी शाळा कशाला?

अमेरिकेंत मात्र मिसूरी विद्यापीठानें १९०८ सालीं या विषयाचें स्वतंत्र विद्यालय काढलें, आणि जोसेफ पुलित्झर यांच्या देणगींतून १९१२ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत तसेंच एक निघालें. याच कोलंबियांत तत्त्वज्ञान शिकून आलेल्या ना. भि. परुळेकरांनीं १ जानेवारी १९३२ रोजीं पुण्यांत 'सकाळ' हें दैनिक काढलें. आपल्या देशांत ॲनी बेझंट यांनीं अड्यार येथें १९२० सालीं, आणि अलीगढ विद्यापीठानें १९३८ सालीं असे प्रयत्न करून पाहिले; दोन्ही अल्पायुषी ठरले. टिकला तो लाहोरचा. पंजाब विद्यापीठांत पृथ्वीपालसिंग यांनीं १९४१ सालीं सुरू केलेला हा वर्ग फाळणीनंतर दिल्लीस आला. माणसांबरोबर एक अभ्यासक्रमहि निर्वासित झाला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयानें १९५२-५३ च्या सुमारास रोलंड वूल्सली या अमेरिकन प्राध्यापकांच्या साहाय्यानें हा विषय हातीं घेतला. (नागपूर तेव्हां मध्य प्रदेशांत होतें.) पुणें विद्यापीठ १९४९ सालीं स्थापन झालें, आणि त्याचा वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ सालीं. रानडे इन्स्टिट्यूट म्हणून जो आपल्या परिचयाचा आहे, तो हाच.

बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ सालीं निघालें आणि विद्या प्रतिष्ठान १९७२ सालीं. पदवी गांवांत मिळूं लागली. बातमीदारी मात्र तालुक्यांत पूर्वींच्याच रीतीनें शिकली जात होती. तालुक्याचा बातमीदार पुष्कळदां वृत्तपत्राचा विक्रेता आणि जाहिराती गोळा करणाराहि असे. त्याचा मजकूर एस. टी. च्या गाडींतून पुण्यास जाई. गाडी चुकली कीं बातमी एक दिवस शिळी होई. पण तेवढ्या अवकाशांत ती दोनतीन जाणत्या डोळ्यांखालून जात असे, ही गोष्ट विसरतां कामा नये.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. मराठी दैनिकें त्यावर येऊं लागलीं, तीं मात्र आपापला टाइप घेऊन. तो टाइप आपल्या संगणकावर नसेल, तर बातमीच्या जागीं निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतींत देवनागरीला १९९१ सालींच स्थान मिळालें होतें. परंतु ती पद्धति कचेऱ्यांतून रुळावयास बरींच वर्षें गेलीं. त्या अवधींतील मराठी मजकूर आज शोधूं गेल्यास बहुधा सांपडत नाहीं.

आतां या नव्या माध्यमाच्या विद्यार्थ्यानें शिकावयाचें काय? यंत्र चालविणें त्याला येतच असतें. एक उदाहरण घेऊं. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि इंदापूर व करमाळा तालुक्यांतील भीमेकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें प्राचीन देऊळ असेंच बुडालें. पाणी फार ओसरलें कीं तें वर येतें, आणि त्याचीं छायाचित्रें घरोघरच्या मोबाइलवर फिरूं लागतात. छापील अंकाच्या माथ्यावर तारीख असते. फिरत्या चित्राला ती नसते. चार वर्षांपूर्वींचें चित्र यंदाचें म्हणून फिरलें, तर धरणांत पाणीच उरलें नाहीं असा समज पसरतो. आणि जेथें ऊस कालव्याच्या पाळीवर व जलाशयांतून उपसलेल्या पाण्यावर उभा आहे, तेथें असा समज निरुपद्रवी राहत नाहीं. म्हणून तेंच चित्र पूर्वीं कोठें प्रसिद्ध झालें होतें काय, हें उलट शोधानें पाहावें. पाटबंधारे खात्याचे त्या दिवसाचे पाणीसाठ्याचे आंकडे काढावे. आणि पळसदेवास कोणाला तरी फोन करावा. ही शेवटची युक्ति जुन्या तालुका-बातमीदाराची. मला तीच सर्वांत भरंवशाची वाटते.

कायद्याचा अभ्यासहि ओघानेंच येतो. बारामतीस विद्या प्रतिष्ठानचें 'वसुंधरा वाहिनी' हें सामुदायिक नभोवाणी केंद्र आहे. पण अशा केंद्राला आपल्या स्वतःच्या बातम्या देण्याची सरकारी नियमानें मनाई आहे. त्याच गांवांतील कोणीहि तरुण मात्र इंटरनेटवर खुशाल बातमीपत्र चालवूं शकतो! त्याची जोखीम निराळी. २०१२ सालीं पालघर येथें फेसबुकवरील चार ओळींपायीं दोन मुलींना अटक झाली. असल्या अटकांना आधार देणारें कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें. पुढें २०२१ सालीं केंद्र सरकारनें इंटरनेटवरील वृत्तसंस्थांसाठीं आचारसंहिता आणली. पत्रकार निखिल वागळे वगैरेंच्या अर्जांवरून मुंबई उच्च न्यायालयानें त्याच ऑगस्टमध्यें तिच्या कांहीं भागास स्थगिति दिली.

राहिला प्रश्न जपणुकीचा. उजनीच्या धरणग्रस्तांविषयीं त्या काळीं काय छापून आलें, हें पाहावयाचें तर वृत्तपत्रांचे बांधीव खंड ग्रंथालयांत काढून बसतां येतें. परंतु परवां एखाद्या तालुक्याच्या संकेतस्थळावर आलेली बातमी, तें स्थळ नव्यानें रचलें किंवा त्याचें भाडें भरावयाचें राहिलें, कीं दिसेनाशी होते. चुकीची दुरुस्तीहि मागमूस न ठेवतां करतां येते. म्हणून प्रसिद्धीबरोबरच दिनांकित प्रत अन्यत्र ठेवणें, आणि काय दुरुस्त केलें तें बातमीखालीं नोंदविणें, हे दोन पाठ मी अभ्यासक्रमांत पहिल्या सहामाहीलाच घालीन. इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेंतील संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांचा असा सांठा करीत आली आहे. तालुक्याच्या बातमीपत्रांपर्यंत मात्र तिचा हात क्वचितच पोंचतो.