अलिबागची वेधशाळा आणि नोंदींची दुसरी प्रत

दप्तर लिहिणें सोपें; तें टिकविणें कठीण. आणि टिकविलेलें दप्तर पुढल्या पिढीस वाचतां येणें, हें त्याहूनहि कठीण. या तिन्ही गोष्टी जेथें साधल्या, असें एक ठिकाण रायगडच्या किनाऱ्यावर आहे : अलिबागची चुंबकीय वेधशाळा.

तिचें मूळ मुंबईच्या कुलाब्यांत. ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं तेथें वेधशाळा बांधली आणि १८४१ पासून प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखालीं पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित वेध सुरू झाले. आरंभीं निरीक्षक डोळ्यांनीं पाहून आंकडे टिपीत. १८७० नंतर चुंबकाची हालचाल प्रकाशकिरणानें कागदावर आपोआप उमटविणारीं यंत्रें आलीं.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्यांची चर्चा सुरू झाली. रुळांतून जमिनींत झिरपणारा वीजप्रवाह नाजुक चुंबकांस स्थिर राहूं देणार नव्हता. संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दींत अलिबागची जागा निवडली गेली आणि लोखंड टाळून तेथें इमारत उभी राहिली. एप्रिल १९०४ मध्यें तेथील वेध सुरू झाले. पण कुलाब्याचें काम लगेच बंद केलें नाहीं. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले गेले. त्यामुळें दोहोंच्या आंकड्यांतील फरक कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेशीं जोडतां आली. विजेची ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली, तेव्हां दप्तर सुरक्षित स्थळीं पोंचलेलें होतें.

या खटाटोपाचें फळ फार उशिरां दिसलें. २ सप्टेंबर १८५९ रोजीं सूर्यावरील उत्पातामुळें पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालें. युरोप-अमेरिकेंत तारायंत्रें बिघडलीं. त्या दिवसाचे कुलाब्याचे आंकडे जपले गेले होते. २००३ सालीं भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनीं ते पुन्हा तपासले, तेव्हां चुंबकीय बलाची क्षितिजसमांतर बाजू सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं घसरल्याचें दिसून आलें. तसें वादळ पुन्हा आल्यास वीजपुरवठ्यावर काय ओढवेल, याचा अंदाज बांधण्यास त्या नोंदीचा आधार मिळाला. १४४ वर्षांपूर्वींची ती वही वाचण्यास कोणतेंहि यंत्र लागलें नाहीं.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षांत हाच विचार जगानें स्वीकारला. एक केंद्र नष्ट झालें तरी दुसरीकडे प्रत उरावी, म्हणून निरनिराळ्या देशांत आंकडेकेंद्रें स्थापन झालीं. मुंबईस तें काम १९७१ सालीं स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आलें.

आतां कचेऱ्यांतील सर्व्हरवरचा मजकूर चुंबकीय फितींवर उतरविला जातो. फीत मात्र वहीसारखी नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं. तिला यंत्र हवें आणि तें चालविणारी संगणकीय प्रणालीहि हवी. म्हणून प्रणाली निवडतांना तिच्या गुणांची लांबलचक यादी पाहण्यापेक्षां अलिबागचा धडा आठवणें हितावह. नवी प्रणाली कांहीं काळ जुनीच्या जोडीनें चालवावी. एक प्रत दुसऱ्या गांवीं ठेवावी. आणि साध्या कारकुनाला ती विनासायास चालवितां व परत वाचतां येते कीं नाहीं, हें वेळोवेळीं प्रत्यक्ष करून पाहावें. संकटाच्या दिवशीं तज्ज्ञ जवळ असेलच असें नाहीं. आणि जी प्रत उघडतां येत नाहीं, ती असून नसल्यासारखीच.