पटकीचे विष

एकेकाळी पटकीच्या नुसत्या नावाने गावे ओस पडत. सकाळी धडधाकट असलेला माणूस अंगातले पाणी निघून जाऊन संध्याकाळी दगावे. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यास या रोगाचा जंतू ओळखला. तो विष निर्माण करीत असावा, असा तर्कही केला. पण ते विष कोणाच्या हाती लागेना. जंतू रक्तात शिरत नाही, आतडे फोडीत नाही. मग एवढे पाणी वाहते तरी कसे?

हा प्रश्न पाऊणशे वर्षे अडून राहिला. त्याचे उत्तर कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी दिले. रोग आतड्याचा, तर शोधही आतड्यातच घ्यावा, हा त्यांचा साधा विचार. सशाच्या लहान आतड्याचा भाग दोन्हीकडून दोऱ्याने बांधून त्यांनी त्यात जंतू सोडले. तो भाग पाण्याने फुगला. हा प्रयोग १९५३ सालचा. पुढे १९५९ साली त्यांनी जंतू गाळून काढून नुसता गाळलेला द्रव आतड्यात घातला. जंतू एकही नव्हता, तरी आतडे फुगलेच! विष सिद्ध झाले.

हे विष म्हणजे एक प्रथिन. त्याचे पाच सारखे भाग पेशीला धरतात आणि उरलेला भाग आत शिरून पाण्याचे दार उघडतो. पण धरतात ते कशाला? पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान साखळ्या जोडलेले स्निग्ध पदार्थ असतात, त्या शर्करांना. १९७१ साली ऑक्सफर्डचे व्हान हेनिंगेन व त्यांचे सहकारी यांनी हाच पदार्थ विषात आधीच मिसळून पाहिला. विष निष्प्रभ झाले. चोराचे हात अगोदरच भरले, म्हणजे त्याला कडी धरता येत नाही, तसेच हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विषाने दार उघडले, तरी ग्लुकोजबरोबर मीठ आत ओढून घेण्याची आतड्याची वाट शाबूत राहते. त्याच १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचविले, ते या वाटेच्या बळावर.

डे यांना १९७८ साली नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले. स्वदेशात मात्र १९८५ साली मृत्यू येईतो त्यांना मोठा सन्मान लाभला नाही. श्रोतेहो, दोरा, ससा आणि सरळ विचार एवढ्या सामग्रीवर जगाचे कोडे सुटले. ते आपल्या माणसाने सोडविले, हे आपणच जाणले नाही, तर दुसऱ्यांनी का जाणावे?