टोपीखालचा चित्ता

लेखाचं हे तिसरं वर्ष. संपादकांनी विचारणं सोडून दिलंय, ते एका परीनं बरंच. वहीत 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाहून कुनोत उतरलेले आठ चित्ते आहेत, फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आलेले बारा आहेत, आणि ‘परदेशचा पाहुणा इथं टिकेल का’ यावर दहा जणांची दहा मतं आहेत. नाही तो फक्त इथला, आपला चित्ता. त्याला गाठायला तुम्ही मागं निघालात. साल निवडलंत 1936, गाव कोल्हापूर. सरकारनं तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं 1952 मध्ये. म्हणजे सोळा वर्षं हाताशी आहेत. सापडेल की!

हिवाळ्यातली पहाट. शहराबाहेरचा उघडा माळ, दवानं ओलं झालेलं कुसळीचं गवत. तुम्ही बैलगाडीच्या साट्यावर पाय आखडून बसला आहात आणि तुमच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर तो बसलाय. डोळ्यांवर कातडी टोपी, कमरेला पट्टा, पट्ट्याची दोरी चित्तेवानाच्या मुठीत. टोपीखालून दोन काळ्या रेघा ओघळून तोंडापर्यंत आल्यात. पंजा बघा: नखं कुत्र्यासारखी बाहेरच. धावताना जमिनीत रुततात ती हीच.

“पावनं, हात आत घ्या. आन् बोलू नगा.”

काळविटांचा कळप दिसतो. गाडी सरळ जात नाही. वळसे घेत, रेंगाळत, बाजाराला निघाल्यासारखी जवळ सरकते. शेतकऱ्यांच्या गाड्या रोजच्याच, त्यामुळे काळवीट मान वर करून बघतं आणि पुन्हा चरायला लागतं. या सगळ्यात अर्धा तास जातो. पृथ्वीवरच्या सगळ्यात वेगवान जनावराबरोबर बसून तुम्ही बैलाच्या चालीनं चाललाय! (तीन वर्षांच्या लेखाबद्दल कुणाला काही बोलायचं असेल, तर त्यानं आधी या गाडीत बसावं.)

टोपी निघते. तो उडी मारत नाही. आधी नुसता बघतो. मग पाण्यासारखा गाडीवरून खाली ओघळतो, पोट जमिनीला लावून चार पावलं टाकतो, आणि पुढचं तुम्हाला नीट दिसतच नाही. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो नि सुटतो, काळवीट काटकोनात वळतं तसं शेपूट दुसऱ्या अंगाला फेकलं जातं. धूळ. वही मांडीवर कोरीच.

तुम्ही धावत पोचता तेव्हा त्यानं काळविटाचा गळा धरून ठेवलाय, बरगड्या भात्यासारख्या हलताहेत. तीन-चारशे मीटरांत सगळा दम संपतो. चित्तेवान मात्र घाईत नाही. सुरी काढतो, गळा चिरतो, लाकडी पळीत रक्त धरतो आणि त्याच्या नाकाखाली नेतो. तो गळा सोडून पळी चाटायला लागतो. डोकं पळीत असतानाच टोपी चढते.

आता तुम्ही तो प्रश्न विचारता, ज्यासाठी इतक्या लांब आलात.

“हा कुठल्या रानात धरला?”

“रान?” चित्तेवान हसतो. “आफ्रिकेचं जनावर हाय ह्ये. बोटीनं मुंबईला आलं, तितनं रेल्वेनं.”

तुम्ही गप्प. कारण तुम्हाला ठाऊक आहे, फक्त या मातीत उभं राहून कधी जोडून पाहिलं नव्हतं. जहांगीरनं लिहून ठेवलंय, बापानं एका वेळी हजार चित्ते जमवले, त्यांची वीण व्हावी म्हणून खटपट केली, पण झाली नाही. पिंजऱ्यात पिल्लं तेव्हा सहसा होत नसत, आणि आईविना वाढलेल्या पिल्लाला शिकार येत नाही. म्हणून शतकानुशतकं प्रत्येक शिकारी चित्ता रानातून, मोठा झालेलाच धरला गेला. माळ नांगराखाली जात होते ते वेगळंच.

“आन् हितला?”

तो पळी मातीनं घासतो. बराच वेळ.

“हितला माझा बा धरायचा म्हनं.”

आणखी किती साल मागं जायचं, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. तो टोपीची वादी कानामागं आवळतोय, आणि टोपीखालचं ते जनावर मोठ्या मांजरासारखं घुरघुरतंय.