नाणी पारखणारा तारकानिरीक्षक

15 डिसेंबर 1855 रोजी लंडनमध्ये जॉन रसेल हिंड यांना मिथुन राशीत एक अनोळखी तारा दिसला आणि काही दिवसांतच तो मंदावत गेला. पुढच्या मार्चमध्ये नॉर्मन पॉग्सन यांना तो पुन्हा उजळलेला आढळला. हाच ‘यू जेमिनोरम’, पहिला ज्ञात बटू नवतारा. तो भडकला की चौदाव्या प्रतीवरून नवव्या प्रतीपर्यंत येतो. पाच प्रती म्हणजे शंभरपट तेज, हे प्रमाणही पॉग्सन यांनीच 1856 मध्ये सुचवले. 1861 मध्ये ते मद्रास वेधशाळेत आले आणि 1891 मध्ये तेथेच निवर्तले.

या ताऱ्याचे खरे रूप उलगडण्यास शतकाहून अधिक काळ लागला. 1965 मध्ये पोलिश खगोलज्ञ क्शेमिन्स्की यांनी त्यातील ग्रहणे दाखवून दिली. एक श्वेत बटू आणि एक तांबडा बटू सव्वाचार तासांत एकमेकांभोवती फिरतात. तांबड्याचे द्रव्य श्वेत बटूभोवतीच्या तबकडीत जाऊन पडते. जेथे ते आदळते तो तप्त डाग प्रत्येक फेरीत तांबड्या ताऱ्याआड झाकला जातो. तबकडीत द्रव्य साचले की ती भडकते. मात्र केव्हा भडकेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून रोज पाहणारे डोळे हवेत.

असे डोळे बंगालमध्ये होते. जेसोरचे राधागोविंद चंद्र (1878–1975) शालान्त परीक्षेत तीनदा अनुत्तीर्ण झाले आणि सरकारी खजिन्यात नाणी पारखू लागले. 1912 मध्ये त्यांनी तीन इंची दुर्बीण मागवली. 1918 मध्ये गरुड राशीतील नवताऱ्याचे वेध घेतल्यावर अमेरिकेतील रूपविकारी तारे पाहणाऱ्यांच्या संघटनेशी त्यांचा संबंध जुळला. 1926 मध्ये संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. त्यांनी संघटनेला पाठवलेल्या नोंदी सदतीस हजारांहून अधिक आहेत.

फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमध्ये आले. अखेरची वर्षे बारासातला गेली. ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे, तेथून कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली. बारासात एस्प्लनेडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. एस्प्लनेडच्या आजच्या झगमगाटात नवव्या प्रतीचा तारा शोधणेही अवघड. चंद्र यांच्याजवळ पदवी नव्हती, पण अंधार होता. तोच आपण झपाट्याने गमावत आहोत.