वर निखारे, खाली निखारे

चपला काढा. सेंट ॲनची लाल माती सकाळीच तळपायांना चटके देते. जमैकाच्या डोंगरातलं हे अंगण आहे 1960 च्या दशकातलं, आणि उद्या गुड फ्रायडे, म्हणून आज बन भाजायचे आहेत. पोरं पतंगांच्या शेपट्यांना चिंध्या बांधताना भांडताहेत, कोंबड्या पायांत घोटाळताहेत. शेजारून तळलेल्या माशांचा वास येतोय. ग्रॅनी तुम्हाला पाहुणा मानायला तयार नाही. तुमच्या हातात किसणी आलीसुद्धा! पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली. जायफळ किसा. बोटं सांभाळा.

आता पिमेंटो. मिऱ्यापेक्षा जरा मोठे, तपकिरी दाणे, परसातल्या झाडाचे, उन्हात वाळवलेले. खलबत्त्यात एकदाच ठोका आणि नाक जवळ न्या: लवंग, दालचिनी, जायफळ, सगळे वास त्या एकाच दाण्यातून उसळतात. मोठ्या भांड्यात लोणी आणि तपकिरी साखर फेटून झालीय. त्यात उसाची काळी, दाट काकवी सोडा. वरून स्टाउट बिअर ओता, कडवट फेस काठापर्यंत चढू द्या. मग मैदा, बेकिंग पावडर, कुटलेला मसाला, मूठमूठ मनुका, साखरेत मुरवलेल्या फळांच्या साली. घोटा. खांदा भरून येईल. थांबलात तर ग्रॅनी ओरडेल.

इंग्लंडहून आलेला क्रॉसचा बन छोटा, गोल आणि फिका होता. ऊस तोडणाऱ्यांच्या घरांत तो काळा झाला, लांबट झाला, वजनदार झाला. मला विचाराल तर तो खरा वयात आला इथेच.

जाड बिडाच्या भांड्यात साचा ठेवलाय. खाली कोळसे, आणि गोव्यात बेबिंकेवर ठेवतात तसे वरच्या पत्र्यावरही निखारे. धुराने डोळे चुरचुरतात, घाम हनुवटीवरून ठिबकतो. पत्रा उचलताच जळक्या साखरेची, मसाल्याची गरम लाट तोंडावर येते. सुरी खुपसून बघा. कोरडी निघाली? मग बनवर साखरेचा पाक फिरवा, चकचकीत होऊ द्या.

पहिला बन पोरांनी घेरलाच. टिनमधल्या पिवळ्या चीजची जाड चकती दोन कापांमध्ये दाबा आणि मोठा घास घ्या. आधी चीजचा खारटपणा, मागोमाग काकवीचा खोल गोडवा, दातांखाली फुटणारी मनुका. ग्रॅनी पहिल्यांदाच हसते आणि चाळणी पुढे करते. शेजारीपाजारी द्यायचे बन अजून बाकी आहेत. मैदा चाळायला घ्या.